माणूस अर्धा चुकत नाही

लातूरमध्ये "मी कॉम्प्युटरचं काम करते" असं कुणालाही सांगितलं, की तो घरी जातो आणि बंद पडलेला प्रिंटर घेऊन येतो. सत्तावीस वर्षं मी हे सोसते आहे. कुणाचा मोबाइल गरम होतो, कुणाच्या पोरीचा नीट परीक्षेचा फॉर्म शेवटच्या पानावर अडकतो, सोसायटीच्या चेअरमननी तर एकदा मिक्सर आणला होता. आत चिप असते म्हणे. नाही म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "मग तुम्ही नेमकं करता तरी काय, पांचाळ मॅडम?"

या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं. आमच्या वाचकांना कळेल असं लिहा, म्हणाले. कळेल असं लिहिते. पण मिक्सरबद्दल विचारू नका.

मी बिराजदार सरांच्या कंपनीत आहे. कंपनी म्हणजे औसा रोडला एका जिन्यावरचे चार गाळे आणि बारा माणसं. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. एक्स-रे काढला की मशीनमधून फोटो निघतो, आमच्या सर्व्हरवर येतो, रुग्णाच्या नावाच्या फाइलीत जाऊन बसतो, आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना पडद्यावर दिसतो. यातलं "फाइलीत जाऊन बसतो" एवढं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. तिथंच सगळं मरण आहे.

कारण प्रोग्रामला डिस्कला थेट हात लावता येत नाही. मधे कर्नल असतो. फौजेतला नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. डिस्क, मेमरी, तारा, सगळं त्याच्या ताब्यात. प्रोग्रामनं त्याला विनंती करायची. जुनी पद्धत सरकारी खिडकीसारखी होती. कागद आत सरकवायचा आणि काम होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. मागच्या माणसाचा खोळंबा.

नवी पद्धत आली ती पिठाच्या गिरणीसारखी. लातूरजवळ मुरुडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिरणी होती. डबा ठेवायचा, नावाची चिठ्ठी खोचायची आणि घरी जायचं. दळण झालं की निरोप यायचा. इथंही तसंच. प्रोग्राम आणि कर्नल दोघांनाही दिसेल अशी मेमरीतली एक सामाईक जागा असते, आणि तिच्यात दोन रांगा. पहिल्या रांगेत प्रोग्राम चिठ्ठी टाकतो, "अमुक नंबरच्या डब्यातला फोटो अमुक फाइलीत लिही." दुसऱ्या रांगेत कर्नल पावती टाकतो, "लिहिला." कुणी कुणासाठी उभं राहत नाही. पावत्या आधीच्या आधी आणि नंतरच्या नंतर येतील असंही नाही. ज्याचं दळण आधी झालं त्याची पावती आधी.

अट एकच, पण ती जीवघेणी. पावती येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. कारण चिठ्ठीवर डब्याचा नंबर असतो, आतलं धान्य नसतं. तुम्ही गव्हाचा डबा ठेवलात, आणि मधेच येऊन त्यात ज्वारी ओतलीत, तर गिरणीवाला ज्वारी दळेल आणि तुमच्या गव्हाच्या नावानं देईल. त्याचं काही चुकलेलं नसेल.

या पद्धतीचं नाव इंग्रजी आहे, आय-ओ यूरिंग. नांदेडच्या ज्या दवाखान्याची ही गोष्ट आहे, तिथल्या कारकुनाला मी पहिल्या दिवशी सांगितलं, "यूरिंग बसवायला आले आहे." त्यानं मान वर न करता बोट दाखवलं, "युरिन दुसऱ्या मजल्यावर. बाटली खालूनच घेऊन जावा."

हे यूरिंग बसवायचा आग्रह माझाच होता. सरांचा नव्हता. सर म्हणाले होते, "चाललंय ते चालू द्या की." पण नांदेडहून रोज फोन यायचे, सोमवारच्या गर्दीत फोटो उमटायला वेळ लागतो म्हणून. मी दोन महिने खपून ते लिहिलं. लातूर-नांदेड एसटीनं अहमदपूर, लोहा करत चार वेळा गेले. शेवटच्या वेळी बटण दाबलं आणि फोटो असे पटापट बसायला लागले की मी स्वतःच दोनदा घड्याळ पाहिलं. अभिमान वाटला. का वाटू नये?

एक्स-रे विभागात खाजाभाई होते. वय पन्नाशीपुढचं, दाढी पांढरी, चष्मा दोरीनं गळ्यात. अंधाऱ्या खोलीत हातानं फिल्म धुण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली. त्यांनी माझा वेग पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, "लई फास्ट हाय मॅडम. पन एवढं फास्ट काय करायचं? डॉक्टर तर अकराला येतो."

मी हसले. आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं.

पुढच्या वर्षी दवाखान्यानं आम्हाला न विचारता सीटी स्कॅनचं मशीन घेतलं आणि त्याचे भलेमोठे फोटो आमच्याच डिस्कवर ओतायला लागले. डिस्क आधीच म्हातारी. सोमवारी सकाळी तिची छाती भरायची. मग फोन सुरू. "अडकून राहिलंय." "फिरून राहिलंय नुसतं." "मॅडम, तुमचं ते युरिन तुंबलं." मी सांगत होते, डिस्क बदला. ते सांगत होते, सॉफ्टवेअर बदला. महिनाभर हे चाललं. शेवटी वैतागून मी एक सोय घातली. चिठ्ठी टाकल्यावर दोन सेकंदांत पावती आली नाही, तर "रद्द" अशी दुसरी चिठ्ठी टाकायची, डबा मोकळा करून पुढच्या फोटोला द्यायचा, आणि मशीनकडून तोच फोटो पुन्हा मागवायचा. दीड दिवसात लिहिलं, पाठवून दिलं. फोन बंद झाले. मी सुटले.

तीन आठवड्यांनी खाजाभाईंचा फोन आला.

"मॅडम, एक छाती उलटीसुलटी झाली बगा. नाव एकाचं हाय, फोटो दुसऱ्याची हाय."

मी नोंदी तपासल्या. सर्व्हरवर सगळं हिरवं. मागणी आली, लिहिलं, पावती मिळाली. "खाजाभाई, नाव तुम्हीच टाकता ना?"

"मीच टाकतो."

"मग बघा बरं नीट."

आठवड्यानं पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी जेवत होते आणि माझा पारा चढला. "खाजाभाई, छाती छातीसारखीच दिसते. तुम्हाला कसं कळतं ही त्याची नाही म्हणून?"

पलीकडे त्यांनी रांगेतल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमाला तुमच्या वळी वळखू येत न्हाईत का? मला माझ्या छात्या वळखू येतात."

प्रोग्रामच्या ओळींबद्दल म्हणत होते. मला ते तेव्हा लागलं, पण पटलं नाही. मी दवाखान्याला रीतसर ईमेल केला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. "सर्व्हरच्या नोंदी तपासल्या असता सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष आढळला नाही. नाव नोंदवताना मानवी चूक झाली असण्याची शक्यता आहे." हे लिहून मी दुसऱ्या कामाला लागले.

त्यानंतर मुखेडकडचे ग्यानोबा नावाचे रुग्ण दवाखान्यात परत आले. साठीचे गृहस्थ, घरी देवणी जातीच्या बैलांची जोडी, त्यांच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. आधी एका सोमवारी खोकल्यासाठी येऊन गेले होते; फोटो स्वच्छ निघाला होता आणि डॉक्टरांनी साधं औषध देऊन पाठवलं होतं. आता दीड महिन्यानं आले ते खोकल्यातून रक्त घेऊन. नवीन फोटोत उजव्या फुप्फुसात टीबीचा मोठा डाग. दीड महिन्यात एवढा होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जुना फोटो काढला; तो त्यांचा नव्हताच. ग्यानोबांच्या मुलानं एक्स-रे खोलीत जाऊन खाजाभाईंची गचांडी धरली. चौकशी लागली. चौकशीत कागद एकच होता, माझा ईमेल. खाजाभाईंना घरी बसवलं.

सरांनी मला बोलावून सांगितलं, "पांचाळ, आपल्यावरचं गेलं. तुमचं पत्र कामाला आलं." आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी खाजाभाई लातूरच्या ऑफिसात आले. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत मोठं खाकी पाकीट. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगते म्हटलं. "चहा नक्को," ते म्हणाले. "आदी बगा."

पाकिटातून त्यांनी एक फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेला लावली. बाहेर कडक ऊन होतं; छाती लख्ख दिसली.

"हितं बगा. ही रेघ दिसती का?"

मला दिसेना. त्यांनी नखानं दाखवली. छातीच्या बरोबर मधोमध, आडवी, केसाएवढी.

"रेघेच्या वरची छाती एकाची हाय. ह्या गळ्याखालच्या हाडाला लोखंडी पट्टी हाय, हे सहा स्क्रू. रेघेच्या खालची छाती दुसऱ्याची. हितं बरगडीला बरगडी मिळून न्हाई राहिली. दोन बोटं सरकली. मी साहेब लोकांना दाखवत होतो, कुनी बगंना. म्हनून छापून ठिवली."

मी काचेला नाक लावून उभी राहिले. बरगड्या खरंच मिळत नव्हत्या.

खाजाभाईंनी चष्मा गळ्यात सोडला. "मॅडम, मी माणूस हाय. सोमवारी शंभर-शंभर छात्या काडतो. एकाचं नाव दुसऱ्याला लागलं असंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पन माणूस चुकला तर अख्खा चुकतो. अर्धा चुकत न्हाई. हे अर्धं कुनी केलं?"

मी फिल्म काचेवरून उतरवून घेतली. म्हटलं, तीन दिवस द्या. त्यांनी फिल्म माझ्याकडे ठेवली आणि चहा न घेता गेले.

आमच्या ऑफिसात ते कधी सापडणारच नव्हतं, कारण आमची डिस्क तरुण. दोन सेकंद उलटायची वेळच येत नव्हती. मी भंगारात टाकलेली एक जुनी डिस्क काढली, तिच्यावर आणखी ओझं टाकलं, म्हणजे ती नांदेडच्या सोमवारसारखी धापा टाकायला लागली. मग छात्यांऐवजी साधी चित्रं केली, प्रत्येकावर मोठा आकडा. एकचं चित्र एकच्या फाइलीत, दोनचं दोनच्या. पाचशे चित्रं सोडली आणि एकेक उघडून पाहायला बसले.

सतराच्या फाइलीत अठरा होता.

मी पुढची फाइल उघडली. पुढे शंभरावर ठीक निघाली, आणि मग एक उघडली तिच्यात वरचा अर्धा आकडा एकशे चाळीस आणि खालचा अर्धा एकशे एक्केचाळीस.

चूक माझ्या त्या दीड दिवसाच्या सोयीत होती. "रद्द" हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. ती रांगेत टाकली म्हणजे काम रद्द झालं, असं नाही. कर्नलनं आधीच हात घातलेला असेल तर तो थांबत नाही. तो पावतीतून तसं कळवतोही, "आता उशीर झाला, काम चालू आहे." ती पावती वाचायची ओळच मी लिहिली नव्हती. रद्द म्हटलं आणि डबा उचलून त्यात पुढच्या माणसाचा फोटो ओतला. कर्नल बिचारा जुन्या चिठ्ठीप्रमाणे, जुन्या नावाच्या फाइलीत, डब्यात जे दिसेल ते लिहीत राहिला. पुन्हा मागवलेल्या खऱ्या फोटोवरही लिहीत राहिला. वर पावती दिली, "लिहिला." त्याच हिरव्या नोंदी बघून मी खाजाभाईंना म्हणत होते, नीट बघा.

दुरुस्ती फक्त सात ओळींची होती. त्या सात ओळींसाठी एका माणसाची गचांडी धरली गेली होती.

मी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात मी दीड महिना आले नव्हते, तेव्हा त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ दाबलं आणि म्हणाले, "दुरुस्त करा. आजच अपडेट टाका. खाजाभाईंना परत घ्यायला मी शब्द टाकतो. बाकी सांगायचं कशाला?"

"सर, ग्यानोबांचं काय?"

"त्यांची औषधं सुरू झाली की."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"तेच तर मला माहीत नाही."

सर उठून खिडकीशी गेले. "बारा घरं आहेत या कंपनीवर, पांचाळ. तुमचंही एक."

"हाय ना," मी म्हटलं. रागात माझ्या तोंडून मुरुडच येतं. "म्हणून तर तीन दिवस विचार केला."

अपडेट पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. सर आले नाहीत. अडवलंही नाही.

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मी दोन्ही कागद पुढे ठेवले, माझा ईमेल आणि आकड्यांच्या चित्राची छापील प्रत, आणि सांगून टाकलं. रांगा, डबा, रद्द, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग फोन उचलून म्हणाल्या, "खाजाभाईंना घरून बोलवा. गाडी पाठवा." ठेवला. आणि मला विचारलं, "किती जण?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक्स-रे मशीनच्या स्वतःच्या पोटात काही महिन्यांच्या मूळ प्रती राहतात, हे सुदैव. माझी ती सोय सुरू झाली त्या दिवसापासूनचा प्रत्येक फोटो मूळ प्रतीशी ताडून पाहायचा होता. मी म्हटलं, प्रोग्राम लिहिते, तासाभरात होईल. खाजाभाई तोवर येऊन शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"प्रोग्राम तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

"माझाच."

"मग मी डोळ्यानं बी बगतो."

आठ दिवस ते बघत होते. माझ्या प्रोग्रामनं अकरा काढले, त्यांच्या डोळ्यांनीही अकराच काढले. त्यानंतर ते माझ्याशी थोडं सरळ बोलायला लागले.

अकरा जणांना शोधणं हा वेगळा ताप. केसपेपरवरचे नंबर निम्मे चुकलेले. उरलेल्यांना फोन लावला की, "दवाखान्यातून बोलून राहिलो" एवढं ऐकताच, "आता ओटीपी मागशील, ठिव फोन!" एकानं खाजाभाईंना अशी शिवी दिली की त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाले, "ह्याचा आवाज दमदार हाय. फुप्फुस चांगलं असनार." आठ जणांचं काही बिघडलं नव्हतं, त्यांना पुन्हा बोलावलं, पुन्हा फोटो काढले, माफी मागितली. अर्धा निघालेला तो पट्टीवाला माणूसही त्यांच्यात होता. एकाचं दुखणं लांबलं होतं, तो उपचाराला लागला.

उरले दोन. त्यातले ग्यानोबा वॉर्डातच होते. मी त्यांच्या खाटेशी गेले.

"कुनाचं चुकलं म्हनता? मशीनचं?"

"नाही मामा. माझं."

त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. अंगात बोलायचा जोर नव्हता. "माझ्या पोरानं खाजाभाईच्या अंगाला हात लावला," म्हणाले. "त्याचं काय आता?" मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो बाहेर गेला, आणि थोड्या वेळानं मी एक्स-रे खोलीत गेले तर तो खाजाभाईंच्या समोर मान खाली घालून बसला होता. ग्यानोबा सहा महिन्यांनी बरे झाले. उजवं फुप्फुस मात्र पहिल्यासारखं राहिलं नाही. बैल विकावे लागले. औताच्या मागं चालायचा दम उरला नव्हता.

खाजाभाई कामावर परतले आणि वय झाल्यावर मानानं निवृत्त झाले. दवाखान्यानं करार संपल्यावर दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. मी त्यांना दोष देत नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. वर्षभरानं एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी न विचारता माझ्या डब्यातली मेथी घेतली, तेव्हा त्यांचा राग गेल्याचं मी समजले.

आता अकरावं नाव. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते सांगायला जड जातं.

सविता, निलंग्याची सून. भावाकडे नांदेडला गेली असताना खोकला झाला म्हणून त्या सोमवारी दवाखान्यात आली होती. रांगेत ती ग्यानोबांच्या पुढे होती. म्हणून तिच्या नावावर ग्यानोबांची छाती गेली, आणि ग्यानोबांच्या नावावर त्यांच्या मागच्या निरोगी माणसाची. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नव्हतं, पण फोटोतला डाग एवढा ठसठशीत, की तिला टीबीची औषधं सुरू केली होती. फोन तीनदा लावला, तिन्ही वेळा सासूनं कापला. शेवटी खाजाभाई आणि मी एसटीनं निलंग्याला गेलो.

स्टँडच्या मागं घर. सासू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून ती उठलीसुद्धा नाही. कर्नाटक सीमेजवळचं गाव, म्हणून खाजाभाईंनी कानडीत दोन शब्द टाकले तेव्हा कुठं तिनं पोतं पसरलं. सविता अंगणाच्या पलीकडं, एकट्या पत्र्याच्या खोलीत होती. दाराशी तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या उपडा घातलेला. सासूच्या मागं दोन वर्षांची एक मुलगी पदर धरून उभी. दोन महिने तिला आईजवळ जाऊ दिलं नव्हतं. सविता अंगणापलीकडून तिला बघायची.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगायचा धीर नव्हता.

"म्हंजे मला काईच न्हवतं?" सविता म्हणाली. औषधांनी चेहरा उतरला होता.

"काही नव्हतं. साधा खोकला."

"मग त्या फोटूत जे व्हतं, ते कुनाचं?"

"दुसऱ्या एका माणसाचं."

"तो बरा हाय का?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खाजाभाई म्हणाले, "होतोय बरा. औषध चालू हाय, पोरी."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "हे लिहून द्या."

"दवाखान्याचं पत्र घरी येईल, सही-शिक्क्याचं."

"ते येऊ द्या. तुमी आता लिहून द्या. मराठीत."

माझ्याकडे कोरा कागद नव्हता. खाजाभाईंनी खिशातली वही काढून पान फाडलं. मी गुडघ्यावर ठेवून लिहिलं की सविताला टीबी नव्हता आणि नाही. दुसऱ्याचा फोटो तिच्या नावावर गेला. ही चूक सॉफ्टवेअरची, आणि ते सॉफ्टवेअर मी लिहिलं. खाली सही केली.

तिनं कागद बघितला आणि परत दिला. "नुसती सही वाचता येत न्हाई. पुरं नाव घाला. बापाचं, आडनावाचं."

मी पूर्ण नाव घातलं.

मग ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तो कागद तिनं मोठ्यानं वाचला. आम्हाला ऐकवायला नव्हे. शेजारच्या भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. पलीकडच्या घरातून एक बाई दारात आली. सविता शेवटपर्यंत वाचत गेली, माझ्या आडनावापर्यंत. सासूचे हात सुपातच राहिले होते.

कागद घडी करून तिनं कमरेला खोचला, ओसरीची पायरी चढली आणि मुलीकडे हात पसरले. पोरगी सासूच्या पाठीमागं सरकली.

मग सासूनं सूप बाजूला केलं, नातीला काखेत धरून उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. पोरगी अंग ताठ करून रडायला लागली, सुटायला बघायला लागली. सवितानं तिला सोडलं नाही.